खोलीत कोण बसले आहे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला आठवी ते दहावी अशी तीन वर्षे शिकवले. तांत्रिक विद्यालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. तिथल्या लाकडी बाकांना व्हाइस बसवलेले होते. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात कानस दिली, व्हाइसमध्ये लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा पकडून दिला आणि त्याच्या कडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणायला सांगितले. मला दोन आठवडे लागले. चूक कुठे होते आहे हे सर लांबून सांगत नसत. शेजारी येऊन, मनगटावर हात ठेवून, कानस कुठल्या बाजूला झुकते आहे ते दाखवीत. त्या शेडला आम्ही ‘वर्कशॉप’ म्हणत असू.

पुढे अभियंता होऊन मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागात गेलो आणि बावीस वर्षे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत काम केले. तिथे ‘वर्कशॉप’ हा शब्द मला निराळ्या अर्थाने भेटला. एखादी अडचण सुटेनाशी झाली की वेगवेगळ्या खात्यांतली आठ-दहा माणसे रोजच्या कामातून मोकळी करायची, तीन ते पाच दिवस एकत्र बसवायची, त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी करून पाहिलेले उत्तर घेऊनच उठायचे. आपल्याकडे याला कार्यशाळा म्हणतात. हा शब्द आता भाषणे आणि प्रमाणपत्रे असलेल्या कार्यक्रमांनाही लावला जातो, म्हणून आधीच सांगतो की मी प्रश्न सोडवण्याच्या बैठकीबद्दल बोलतो आहे. अशा बऱ्याच बैठकांत मी बसलो. काहींनी हातची जाणारी ऑर्डर वाचवली, अनेकींतून काहीच निघाले नाही. हा फरक कशाने पडतो, एवढाच आजचा विषय.

सुरुवात माझ्याच अपयशापासून करतो. मी ज्या कारखान्यात होतो तिथे प्रेसवर पत्रा ओढून एक खोलगट झाकण बनत असे. हिवाळ्यात त्याला कोपऱ्यात तडे जाऊ लागले. ग्राहकाकडून माल परत येऊ लागला. आम्ही दोन दिवसांची कार्यशाळा ठरवली. गावाबाहेरच्या हॉटेलात सभागृह घेतले, गुणवत्ता, खरेदी, डिझाइन आणि उत्पादन या खात्यांचे प्रमुख बसले, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. डायची झीज, पत्र्याचा पुरवठादार, प्रेसचा दाब, अशी अठरा कारणे निघाली. अहवाल तयार झाला. तडे तसेच राहिले.

महिन्याभराने आमच्या नव्या व्यवस्थापकांनी पुन्हा चार दिवस मागितले. या वेळी टेबल प्रेसच्या शेजारी टाकले आणि खातेप्रमुखांबरोबर तिन्ही पाळ्यांतला एकेक ऑपरेटर बसवला. रात्रपाळीच्या प्रेसवर जालंधरकडच्या एक बाई होत्या, वय पन्नाशीच्या पुढे. पहिला दीड दिवस त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तडा गेलेली झाकणे टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा त्यांनी त्यातली तीन उचलून बाजूला केली आणि सांगितले की ही पत्र्याची नवी कॉइल लावल्यावर निघालेली आहेत. कॉइल बाहेरच्या आवारात ठेवलेली असे. थंडीने गारठलेला पत्रा आत आला की त्याच्यावर दव धरे, तेल घट्ट होई आणि पहिल्या काही झाकणांना तडे जात. बाईंनी दोन हिवाळे हे पाहिले होते. कॉइल बदलली की सुरुवातीचे नग त्या आपणहून वेगळ्या पेटीत टाकीत. इतर पाळ्यांत तसे होत नसे. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि इंग्रजीत सांगायला त्यांना संकोच वाटत होता. त्या दिवशीही त्या माझ्याकडे वळून हिंदीत बोलल्या आणि मी ते इंग्रजीत सांगितले.

कॉइल एक पाळी आधी आत आणून ठेवायची, एवढाच उपाय. तिसऱ्या दिवशी आम्ही तो करून पाहिला, चौथ्या दिवशी नग मोजले. तडे जवळपास थांबले होते. हॉटेलातल्या त्या दोन दिवसांत आमच्याकडे अनुभव कमी नव्हता आणि पैसाही कमी नव्हता. त्या खोलीत या बाई नव्हत्या आणि टेबलावर तडा गेलेले झाकण नव्हते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ असे आपण म्हणतो. कारखान्यात असे पुष्कळदा घडते की ज्याला कळते त्याला खोलीत बोलावलेलेच नसते.

याच गोष्टीचे मला माहीत असलेले सगळ्यात मोठे उदाहरण ब्रिटनमधलेच आहे, आणि ते व्यापाराच्या जगातले नाही. तरी ते सविस्तर सांगतो, कारण आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत जे छापले जाते ते जवळजवळ सगळे तिथे १९४२ साली करून झाले होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्न, तेल आणि शस्त्रे अटलांटिक महासागरातून येत. जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवीत होत्या. जहाजे ताफ्याने निघत, भोवती नौदलाच्या संरक्षक नौका असत, तरीही रात्री ताफ्याच्या मधोमध जहाज पेटे आणि पाणबुडी निसटून जाई. या लढाईचे मुख्यालय लिव्हरपूलमध्ये डर्बी हाउस नावाच्या इमारतीत होते. जानेवारी १९४२ मध्ये तिथे गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याला पाठवण्यात आले. क्षयामुळे त्याला काही वर्षांपूर्वी निवृत्त व्हावे लागले होते. वरच्या मजल्यावर त्याला जागा मिळाली आणि हाताखाली महिला नौदल सेवेतल्या तरुण मुली मिळाल्या. या सेवेतल्या मुलींना सगळे ‘रेन’ म्हणत. त्यांच्यातल्या जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल विशीच्या आसपासच्या होत्या. लेडलॉ आकडेमोडीत तयार होत्या. दोघींपैकी कोणीही समुद्रावर लढाई पाहिली नव्हती.

त्यांनी समुद्र खोलीतल्या जमिनीवर आखला. जहाजांच्या लहान प्रतिकृती मांडल्या आणि त्यांची वाटचाल खडूने काढायची पद्धत बसवली. संरक्षक नौकांची रेघ पांढरी, पाणबुडीची हिरवी. भोवती कॅनव्हासचे पडदे लावले आणि त्यांना बारीक फटी ठेवल्या. अधिकारी पडद्यामागे बसत आणि फटीतून बघत. फटीतून पांढरी रेघ दिसे, हिरवी दिसत नसे. समुद्रावर रात्री कप्तानाला जेवढे दिसते, जवळपास तेवढेच इथे दिसावे अशी ही योजना होती. ठरलेल्या मोजक्या वेळात चाल ठरवायची, चिठ्ठी द्यायची, रेन ती चाल जमिनीवर करून दाखवीत.

डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या एका ताफ्याची लढाई त्यांनी या जमिनीवर पुन्हा मांडून पाहिली. पाणबुडी ताफ्याच्या बाहेरून, लांबून टॉर्पेडो सोडते असा नौदलाचा समज होता. नोंदी आणि रेघा जुळवताना तो समज टिकेना. बुडालेली जहाजे जिथे होती तिथवर बाहेरून नेम बसणे अवघड होते. पाणबुडी रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून, मागच्या बाजूने, सरळ ताफ्याच्या रांगांमध्ये शिरत असली पाहिजे. जवळून मारा करायचा, मग बुडी मारायची आणि ताफा डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा. नौदलाच्या नौका मात्र शत्रूला ताफ्याच्या बाहेर शोधत. मग रॉबर्ट्स आणि रेन यांनी उलटी चाल बसवली. हल्ला झाला की संरक्षक नौकांनी ताफ्याच्या मागे येऊन रांग धरायची आणि पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या आस्डिक यंत्राने शोध घेत यायचे. लेडलॉ यांनी या चालीला ‘रास्पबेरी’ असे नाव सुचवले. इंग्रजांच्या बोलीत तोंडाने वेडावून दाखवण्याला हा शब्द आहे, आणि हे वेडावणे हिटलरसाठी होते.

मुख्यालयाचे प्रमुख ॲडमिरल पर्सी नोबल यांना आधी हे पटलेले नव्हते. ते वर आले, त्यांनी डाव पाहिला आणि त्यांचे मत बदलले. त्यानंतर संरक्षक नौकांच्या अधिकाऱ्यांसाठी सहा दिवसांचे वर्ग सुरू झाले. बंदराला लागलेली नौका पुन्हा निघायच्या आत तिच्या अधिकाऱ्यांनी हा आठवडा इथे काढायचा. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या वर्गांतून गेले. नोबल यांच्या जागी नोव्हेंबर १९४२ मध्ये आलेले मॅक्स हॉर्टन हे पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कप्तान. पाणबुडीची बाजू घेऊन ते या जमिनीवर खेळायला बसले आणि ओकेल यांच्याकडून हरले.

मला इथे थांबून दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. पहिली ही की या खोलीत हुद्द्याला काम नव्हते. पडद्यामागे बसलेला कप्तान असो की सब-लेफ्टनंट, त्याला फटीतून सारखेच दिसे. चुकीची चाल केली की जमिनीवर त्याचे जहाज बुडे, आणि ते बुडाले हे विशीतली मुलगी सांगे. तिच्याशी वाद घालून जहाज वर येत नसे. दुसरी गोष्ट अशी की चाल वरच्या मजल्यावर तयार झाली खरी, पण दर आठवड्याला नवे अधिकारी समुद्रावरून ताजी माहिती घेऊन येत आणि ती डावात मिसळली जाई. खोली समुद्राकडून शिकत राहिली. २४ मे १९४३ रोजी जर्मन नौदलाचे प्रमुख डोनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. त्यामागे रडार होते, लांब पल्ल्याची विमाने होती, फुटलेली सांकेतिक लिपी होती. सगळे श्रेय एका खोलीला देणे चूक ठरेल. पण ज्या नौकांना ही साधने मिळाली, त्यांच्यावरची माणसे एकमेकांशी न बोलता एकच चाल करू शकत होती, ती या खोलीमुळे.

ब्रिटिश कारखान्यांत ही पद्धत आली ती मात्र लिव्हरपूलहून आली नाही, जपानहून आली. निस्सानचा संडरलंडचा कारखाना १९८६ मध्ये सुरू झाला, होंडाच्या स्विंडनच्या आणि टोयोटाच्या बर्नस्टनच्या कारखान्यांतून १९९२ मध्ये मोटारी निघू लागल्या. या कंपन्यांना सुटे भाग ब्रिटनमध्येच घ्यायचे होते आणि तिथल्या लहान पुरवठादारांची गुणवत्ता त्यांना पुरत नव्हती. मग १९९० च्या दशकात मोटार उद्योगाच्या संघटनेने सरकारच्या मदतीने ‘इंडस्ट्री फोरम’ नावाची शाखा काढली. जपानी कंपन्यांचे मुरलेले अभियंते ब्रिटिश अभियंत्यांना शिकवीत आणि ते अभियंते पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन आठवडाभराची कार्यशाळा घेत. वर्गात नाही, यंत्रापाशी. आधी काही दिवस पाहणी होई, आठवडा संपल्यावर पुढचे काही महिने तेच अभियंते पुन्हा पुन्हा येऊन बघत. नाकारलेले नग, वेळेवर गेलेला माल, साठ्याची उलाढाल, व्यापलेली जागा, असे सात आकडे आधी आणि नंतर मोजले जात. माझ्या त्या नव्या व्यवस्थापकांनी याच परंपरेत उमेदवारी केली होती.

पुढे हे वारे इस्पितळांत शिरले. पूर्वी लँकेशायरमध्ये मोडणारे बोल्टन हे एके काळचे कापडगिरण्यांचे गाव. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली सूत कातायचे ‘म्यूल’ यंत्र तयार केले ते याच गावात. आपल्या गिरणगावातली कितीतरी यंत्रे लँकेशायरमधूनच आली, त्यामुळे मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा लाल विटांच्या त्या चिमण्या बघून मला परळची आठवण झाली होती. इथल्या रॉयल बोल्टन इस्पितळाने २००५ च्या सुमारास, मुख्य कार्यकारी डेव्हिड फिलिंगहॅम यांच्या पुढाकाराने, आठवडाभराच्या सुधारणा-बैठका सुरू केल्या. डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, रुग्णाची खाट ढकलणारे कर्मचारी एकत्र बसत. रक्ताचा नमुना तपासणीला आल्यापासून निकाल बाहेर पडेपर्यंत काय काय होते, ते त्यांनी नमुन्याच्या मागोमाग चालत जाऊन लिहून काढले. ३०९ पायऱ्या निघाल्या. यंत्रे आणि टेबले हलवून, नमुने ढिगाने जमवून ठेवण्याऐवजी थोडे थोडे पुढे पाठवून त्या ५७ वर आल्या.

३०९ ही संख्या कोणा एकाला माहीत नव्हती हे लक्षात घ्या. प्रत्येकाला आपापल्या दहा-वीस पायऱ्या माहीत होत्या आणि त्या त्याला योग्यच वाटत होत्या. सगळे एका कागदापुढे उभे राहिले तेव्हाच लांबी दिसली. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांच्या बाबतीतही बोल्टनने असेच काम केले. हे रुग्ण बरेचदा शस्त्रक्रियेची वाट बघत पडून राहत आणि त्यातच खंगत. अपघात विभागातून खाटेवर, खाटेवरून शस्त्रक्रियेला, तिथून घरी, ही सगळी वाट नव्याने आखली गेली. त्या गटातले मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले. घरात आजी पडली की आपल्या पोटात जी कालवाकालव होते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

एवढे चांगले सांगितल्यावर दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ब्रिटनमधल्या सार्वजनिक सेवांत अशा बैठकांची पुढे लाट आली. झो रॅडनर आणि पॉल वॉली या अभ्यासकांनी त्या बारकाईने पाहिल्या. त्यांना दिसले ते असे की आठवडाभराच्या बैठकीतून पटकन आणि डोळ्यांना दिसणारा फायदा होतो, लोकांना हुरूप येतो, पण संस्थेच्या रोजच्या कारभाराशी ती बैठक जोडलेली नसेल तर तो फायदा टिकवणे अवघड जाते. हे वाचले तेव्हा मला आमच्या कॉइलची आठवण झाली. पुढच्या हिवाळ्यात तडे परत आले होते. गोदामाचे काम बघणारा माणूस बदलला, नव्या माणसाला कॉइल आदल्या पाळीत आत आणायची हे कोणी सांगितलेच नाही. आमच्या कार्यशाळेच्या कागदांत उपाय लिहिलेला होता. तो रोज करायचा कोणी, हे नाव लिहिलेले नव्हते. ती चूक माझी होती, कारण ते कागद मीच तयार केले होते.

म्हणून चार-पाच दिवसांत प्रश्न सुटतो असे कोणी सांगू लागले की मी आधीचे आणि नंतरचे दिवस विचारतो. याचे अगदी अलीकडचे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीच्या काळातले आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाचे रुग्ण लंडनच्या इस्पितळांत भरू लागले. व्हेंटिलेटर अपुरे पडणार हे दिसत होते. इटलीतून आणि चीनमधून कळत होते की काही रुग्णांना व्हेंटिलेटरची गरजच पडू नये यासाठी सीपॅप नावाचे साधे उपकरण उपयोगी पडते. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून ते हवा आणि प्राणवायू ठरावीक दाबाने देते, त्यामुळे फुप्फुसे मिटत नाहीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अभियंते टिम बेकर आणि रिबेका शिप्ली, त्याच विद्यापीठाच्या इस्पितळातले अतिदक्षतातज्ज्ञ मर्विन सिंगर आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रिक्सवर्थ इथे फॉर्म्युला वन शर्यतींची इंजिने बनवणारा मर्सिडीजचा कारखाना एकत्र आले. १८ मार्चला बैठक झाली. पेटंटची मुदत संपलेले एक जुने उपकरण त्यांनी घेतले, सुटे केले, प्रत्येक भाग मोजला, संगणकावर उतरवला आणि नव्याने बनवला. पहिल्या बैठकीपासून पहिले उपकरण तयार होईपर्यंत १०० तासही लागले नाहीत. महिना संपण्याच्या आत औषध आणि उपकरणे नियंत्रण संस्थेची परवानगी मिळाली. शर्यतीच्या इंजिनांचे पिस्टन आणि टर्बोचार्जर घडवणारी ४० यंत्रे या कामाला लागली आणि दिवसाला १,००० पर्यंत उपकरणे निघू लागली. एकूण १०,००० उपकरणे बनली. एप्रिलमध्ये त्यांनी आराखडे सगळ्या जगाला मोफत दिले आणि शंभरावर देशांतल्या लोकांनी ते उतरवून घेतले.

‘१०० तास’ हे शब्द तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होते. पण त्या तासांत काय काय आधीच येऊन बसले होते ते पाहा. सिंगर यांच्यासारख्या डॉक्टरांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे हाताळले होते, त्यामुळे ‘नवा व्हेंटिलेटर बनवा’ या मोठ्या प्रश्नाऐवजी ‘हे उपकरण पुन्हा बनवा’ हा आटोपशीर प्रश्न त्यांना निवडता आला. विद्यापीठ आणि कारखाना यांची जुनी ओळख होती, एकमेकांवर भरवसा होता. ऑस्ट्रेलियातली शर्यत रद्द होऊन मोसमच थांबला होता, त्यामुळे यंत्रे आणि कसबी कारागीर मोकळे होते. आणि टेबलावर एक खरे उपकरण होते, हातात घेऊन उघडता येईल असे. हे सगळे जमल्यावर १०० तास पुरले. त्याच काळात ज्यांनी अगदी कोऱ्या कागदावरून व्हेंटिलेटर बनवायला घेतला, त्यांची वाट फार कठीण होती.

कार्यशाळेची पद्धत हल्ली पुस्तकातून शिकता येते. जेक नॅप यांनी गूगलमध्ये असताना पाच दिवसांची एक रीत बसवली आणि २०१६ साली सहकाऱ्यांसह ‘स्प्रिंट’ नावाच्या पुस्तकात ती मांडली. सोमवारी प्रश्नाचा नकाशा, मंगळवारी प्रत्येकाने आपापले उत्तर कागदावर काढणे, बुधवारी निवड, गुरुवारी नमुना, शुक्रवारी पाच ग्राहकांपुढे परीक्षा. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस खोलीत हवाच, आणि आधी सगळ्यांनी गप्प बसून एकेकट्याने विचार करायचा. दुसऱ्या नियमामुळे मोठ्या आवाजाच्या माणसामागे सगळे फरफटत जात नाहीत.

आपल्याला हे सगळे नवखे वाटू नये. इर्जिक माहीत असलेली माणसे या सभागृहात असतील. एखाद्याचे रान पडून राहिले, नांगरट उरकेना, की गावातले शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन एका दिवसासाठी त्याच्या शिवारात उतरत. मजुरी कोणी घेत नसे, संध्याकाळी त्याच्याकडे जेवण असे. काम एक, दिवस एक, आणि औत धरणारा प्रत्येक जण स्वतः नांगरट जाणणारा. बांधावर उभे राहून सूचना देणाऱ्याला इर्जिकीत जागा नव्हती.

आता आपल्या औद्योगिक वसाहतींकडे वळतो. सहा वर्षांपूर्वी परत आल्यापासून मी इथल्या लहान कारखान्यांत जातो, मालकांशी आणि कामगारांशी बोलतो. कौशल्य कुठेही कमी नाही. मला खटकतात त्या दोन गोष्टी. एक म्हणजे बैठक यंत्रापासून दूर, वातानुकूलित खोलीत होते आणि यंत्रावरचा माणूस पाणी आणून देण्यापुरता आत येतो. दुसरी त्याहून गंभीर आहे. बैठक इंग्रजीत होते. पडद्यावरचे तक्ते इंग्रजी, चिठ्ठ्या इंग्रजी, मालक आणि अभियंते दोघेही मराठी असूनही बोलणे अर्धे इंग्रजी. ऑपरेटर कंत्राटी असतो, लातूरचा असतो, गडचिरोलीचा असतो, कधी ओडिशाचा किंवा बिहारचा असतो. त्याला सगळे थोडेफार कळते, पण बोलायची हिंमत होत नाही. त्या जालंधरच्या बाईंना दीड दिवस गप्प ठेवणारी भिंत आपण आपल्याच घरात बांधून ठेवली आहे. त्यात कंत्राटी माणसाला बैठकीला बसवले तर त्याची हजेरी कोण भरणार हा प्रश्न निघतो. मी पाहिले आहे की तेवढ्या एका प्रश्नावर त्याचे नाव यादीतून गळते.

मालकांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे जो नग वारंवार नाकारला जातो, तो एकच नग निवडा. टेबल यंत्रापाशी न्या. तिन्ही पाळ्यांतला एकेक माणूस बसवा, त्याची पूर्ण हजेरी लावा, ओव्हरटाइम बुडत असेल तर तोही द्या. बोलणे मराठीत ठेवा, लागेल तिथे हिंदीत ठेवा. नाकारलेले नग समोर मांडा आणि पहिला अर्धा दिवस ऑपरेटरांशिवाय कोणी बोलू नका. तुम्ही स्वतः चारही दिवस हजर राहा, कारण होकार तुम्हालाच द्यायचा आहे. उठताना उपायाखाली एका माणसाचे नाव लिहा, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच्या जागी कोणाचे, तेही लिहा. तीन महिन्यांनी परत मोजा.

हे कसे करायचे याबद्दल कोणाला शंका असेल, पहिल्या खेपेला सोबत कोणी असावे असे वाटत असेल, तर मला बोलवा. मी याचे पैसे घेत नाही. सरांच्या शेडमधले व्हाइस अजून तसेच आहेत आणि ती जागा शनिवार-रविवारी वापरायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. नग घेऊन तिथे आलात तरी चालेल. आणि रात्रपाळीला बोलावलेत, तर मी रात्री येईन.